काठमांडूत पहिल्यांदाच जाताय? देवळं, स्तूप आणि गल्ल्या बघायचा चार दिवसांचा क्रम

मुक्तिनाथच्या यात्रेला निघालेल्या आपल्याकडच्या बहुतेक मंडळींच्या वाट्याला काठमांडू येतं ते जेमतेम एका दिवसासाठी. सकाळी पशुपतिनाथ, मग बुढानीलकंठ, दुपारी स्वयंभू, संध्याकाळी बौद्धनाथ, आणि मध्ये कुठेतरी रुद्राक्षाच्या दुकानात सक्तीचा थांबा. देव सगळे होतात, शहर राहून जातं. खाली दिलेला क्रम चार दिवसांचा आहे आणि त्यात ठिकाणं मुद्दाम कमी ठेवली आहेत. इथली देवळं नांदती आहेत. सकाळी सातला, लोक पूजेची ताटं घेऊन येत असताना पाहिलेलं देऊळ आणि भर दुपारी टूरच्या गर्दीत पाहिलेलं देऊळ यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

आधी थोडा भूगोल, म्हणजे पुढचं सोपं जाईल. काठमांडूच्या खोऱ्यात एक नव्हे, तीन जुन्या राजधान्या आहेत: काठमांडू, पाटण (म्हणजे ललितपूर, साताऱ्याचं पाटण नव्हे) आणि भक्तपूर. मल्ल राजांच्या काळात ही तीन वेगळी राज्यं होती आणि देवळं बांधण्यात एकमेकांवर कुरघोडी करायची. म्हणून दरबार चौकही तीन. १७६८-६९ मध्ये गोरखाच्या पृथ्वीनारायण शाहाने तिन्ही जिंकली. हे तीन चौक, पशुपतिनाथ, स्वयंभू, बौद्धनाथ आणि चांगुनारायण अशी सात ठिकाणं १९७९ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात यातलं बरंच पडलं. पुष्कळसं पुन्हा उभं राहिलंय, पण काही ठिकाणी अजून टेकूचे वासे दिसले तर नवल वाटून घेऊ नका.

निघण्याआधी

व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र, दोन्हींपैकी एक मूळ प्रत हवी. आधार कार्डावर भिस्त ठेवून विमानतळ गाठणारे दर हंगामात अडकतात. आधार चालतं ते १५ वर्षांखालच्या मुलांना आणि ६५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना. मधल्या वयाच्या कॉलेजकुमाराकडे पासपोर्ट नसेल आणि मतदार यादीत नावही नसेल, तर तिकीट काढण्याआधी विमान कंपनीला विचारून घ्या.

दिल्लीहून विमानं भरपूर. उजेडी जाणार असाल तर डाव्या हाताची खिडकी मागा, हिमालय त्याच बाजूला दिसतो. रेल्वेने जायचं तर गोरखपूर गाठायचं, तिथून सोनौलीची सीमा ओलांडायची आणि पुढे बस. पैसे वाचतात, पाठ मात्र बोलू लागते.

ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वांत चांगला. मार्च-एप्रिलही बरा, पण त्या दिवसांत हवेत धूळ आणि धूर फार असतो, मास्क जवळ ठेवा. जून ते सप्टेंबर पाऊस. उंचीचा त्रास होईल का, हा प्रश्न हमखास येतो. शहर साधारण १,४०० मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरच्या आसपास. तेव्हा काळजी नको.

पैशांचं गणित सोपं आहे: एक भारतीय रुपया म्हणजे १.६० नेपाळी रुपये, हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. शंभराच्या आणि त्याखालच्या भारतीय नोटा सगळीकडे चालतात. त्याहून मोठ्या नोटांचे नियम बदलत आलेत, ते निघायच्या आठवड्यात तपासा. बऱ्याच दुकानांत क्यूआर कोडवर यूपीआयही चालतं, पण देवळाबाहेरच्या फुलवालीकडे रोखच लागते. आणि हे पाठच करून ठेवा: भाव ऐकला की लगेच विचारायचं, "आयसी की एनसी?" आयसी म्हणजे भारतीय चलन, एनसी म्हणजे नेपाळी. पाचशेची शाल आठशेला पडते ती याच प्रश्नाच्या विसराने.

पोहोचल्या दिवशी

घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. विमानतळावरच ओळखपत्र दाखवून सिम घ्या, कारण टॅक्सीशी घासाघीस करण्यापेक्षा पठाओ किंवा इनड्राइव्हवर गाडी मागवणं कधीही बरं. टॅक्सीत मीटर असतो, तो पडेल याची खात्री नसते.

राहायला सगळे ठमेलला जातात. सोयीचं आहे, पण रात्री उशिरापर्यंत गाणी चालतात. घरातली वडीलधारी सोबत असतील तर बौद्धनाथच्या मागच्या गल्ल्यांत किंवा पाटणमध्ये खोली बघा. तिथे सकाळी उठून चार पावलांवर देऊळ असतं.

इथे लिपी देवनागरीच, त्यामुळे पाट्या वाचता येतात. हिंदी जवळपास सगळ्यांना कळते. पण हुकमी हिंदी झाडणाऱ्या पर्यटकांना लोक कंटाळलेले आहेत. वयाने मोठ्या माणसाला 'दाइ', बाईंना 'दिदी' म्हणा, भाव आपोआप खाली येतो. पाट्यांवरच्या तारखा विक्रम संवतातल्या असतात, म्हणजे आपल्यापेक्षा सुमारे ५७ वर्षं पुढच्या. देवळावर २०८० सालचा फलक दिसला तर छपाईची चूक नाही.

पहिला दिवस: ठमेल ते हनुमानढोका, पायी

हा रस्ता गाडीने केलात तर वाया गेला. जुना व्यापारी रस्ता आहे, तिबेटकडे जाणारा माल याच वाटेने जायचा. नाश्ता हलका करून सकाळी सातच्या सुमाराला निघा.

ठमेलहून दक्षिणेला चालत गेलं की एका मोठ्या अंगणात स्वयंभूची छोटी प्रतिकृती लागते, काठेसिंभू. ज्यांना मोठ्या स्वयंभूच्या पायऱ्या चढवत नाहीत त्यांची सोय. तिथून पुढे बांगेमुढाच्या कोपऱ्यावर लाकडाचा एक ओंडका आहे, त्यावर इतके खिळे आणि नाणी ठोकलेली आहेत की लाकूड शोधावं लागतं. हा दातदुखीचा देव, वैशदेव. दाढ दुखायला लागली की इथे नाणं ठोकायचं. आजूबाजूला बघा, दातांच्या दवाखान्यांच्या पाट्यांची रांगच आहे. देव आणि डॉक्टर एकाच कोपऱ्यावर गुण्यागोविंदाने धंदा करतात.

मग असन. सहा रस्ते एकत्र येणारा हा चौक म्हणजे शहराची जुनी मंडई: पितळेची भांडी, सुकी मासळी, मसाले, लप्सी नावाच्या आंबट फळाच्या आंबटगोड वड्या, आणि मधोमध अन्नपूर्णेचं देऊळ. तिथे मूर्ती शोधू नका, पूजा होते ती कलशाची. घटस्थापना ठाऊक असलेल्या माणसाला ते सांगावंही लागत नाही.

असन आणि इंद्रचोक यांच्यामध्ये उजव्या हाताला एक कमान आहे, सहज चुकते. आत जा. जनबहाल नावाचं अंगण, त्यात शेकडो दिवे, कबुतरं आणि सेतो मच्छिंद्रनाथांचं देऊळ. 'सेतो' म्हणजे पांढरा. मच्छिंद्रनाथ, गोरखनाथ ही नावं आपल्या घरातली. निवृत्तिनाथ-ज्ञानदेवांची गुरुपरंपरा याच नाथांपाशी जाते, आणि बीड जिल्ह्यातल्या मायंबाला मच्छिंद्रनाथांची समाधी मानतात. इथल्या बौद्ध नेवारांसाठी (नेवार म्हणजे या खोऱ्यातले जुने रहिवासी) मात्र हाच देव म्हणजे करुणामय अवलोकितेश्वर, करुणेचा बोधिसत्त्व. समोर एक बाई 'मच्छिंद्रनाथ' म्हणून फूल वाहतात, शेजारचे गृहस्थ 'करुणामय' म्हणून, आणि पुजारी दोघांनाही तोच टिळा लावतो. हिंदू देवळं आणि बौद्ध देवळं अशा दोन याद्या करून जे येतात, त्यांच्या याद्या इथेच निकालात निघतात. म्हणूनच हे देऊळ पहिल्या दिवशी ठेवलंय.

इंद्रचोकात पोतेच्या, म्हणजे बारीक मण्यांच्या माळांच्या, गल्ल्या आहेत. तिथल्या लग्न झालेल्या बायका घालतात त्या. इथे घासाघीस चालते. पुढे मखन नावाच्या गल्लीतून सरळ गेलं की हनुमानढोका दरबार चौक. तिकीट घेताना भारतीय असल्याचं सांगा आणि ओळखपत्र दाखवा. सार्क देशांच्या नागरिकांना इतर परदेशी पाहुण्यांपेक्षा बराच कमी दर असतो. हे तिन्ही दरबार चौकांना लागू. तेच तिकीट पुढच्या दिवसांसाठी वाढवून मिळतं का, हेही खिडकीवर विचारा.

चौकात काय बघायचं? राजवाड्याच्या दाराशी मारुती आहे, १६७२ मध्ये प्रताप मल्लाने बसवलेला. शेंदराचे थर इतके चढलेत की तोंड दिसतच नाही, वर छत्री आणि अंगावर लाल वस्त्र. त्याच राजाला भाषांची हौस होती. राजवाड्याच्या भिंतीवर त्याने १५ भाषा-लिप्यांतला शिलालेख कोरवून घेतला, त्यात फ्रेंच शब्दही सापडतो. काळभैरवाची अजस्र मूर्ती उघड्यावरच आहे. तिच्यासमोर खोटं बोलणारा मरतो अशी श्रद्धा असल्यामुळे पूर्वी साक्षी-शपथा इथे होत.

मग कुमारी घर, १७५७ चं. जिवंत देवी मानली जाणारी ही मुलगी शाक्य, म्हणजे बौद्ध नेवार कुटुंबातून निवडतात, आणि ती रूप मानली जाते हिंदू राजांच्या कुलदेवतेचं, तळेजू भवानीचं. अंगणात उभं राहिलं तर कधी कधी ती वरच्या खिडकीत येते. त्या क्षणी फोन खिशात. फोटोला सक्त मनाई आहे. आणि ती आली नाही म्हणून रखवालदाराशी हुज्जत घालू नका. लहान मूल आहे ते.

शेवटी काष्ठमंडप. शहराला नाव दिलेली ही इमारत २०१५ मध्ये पार कोसळली. नंतर उत्खनन झालं तेव्हा पाया सातव्या शतकापर्यंत मागे गेला. आता जुन्याच पद्धतीने लाकडात पुन्हा उभी आहे. आत मधोमध गोरखनाथ. सकाळी मच्छिंद्र, दुपारी गोरख, असा गुरुशिष्यांचा योग एका दिवसात जमतो.

दुसरा दिवस: पशुपतिनाथ, मग चालत बौद्धनाथ

पशुपतिनाथाला पहाटेच जा. दुपारी मुख्य दर्शन बंद असतं. चामड्याचा पट्टा, पाकीट, पर्स खोलीवर ठेवूनच निघा, नाहीतर दाराशी पंचाईत होते. आत फोटो काढता येत नाहीत. पश्चिम दरवाजातून शिरलं की समोर येतो तो नंदीचा प्रचंड सोनेरी पाठभाग, मग देऊळ. चार दिशांना चार दारं, आणि लिंगाला चार दिशांना चार मुखं. प्रत्येक दाराशी वेगळं मुख दिसतं, म्हणून चारही दारांशी थांबायचं. लिंगाला स्पर्श करतात ते फक्त भट्ट पुजारी, आणि ते परंपरेने दक्षिण भारतातून, मुख्यतः कर्नाटकातून येतात.

दर्शन झालं की बागमतीच्या पलीकडच्या काठावर जा. अलीकडे आर्यघाट, तिथे अंत्यसंस्कार चालू असतात. लोकांचं दुःख आहे ते, झूम लावून टिपायची गोष्ट नाही. वर मृगस्थळीच्या टेकडीवर गोरखनाथांचं आणखी एक स्थान आहे, तिथे गर्दी विरळ होते. पलीकडे उतरलं की गुह्येश्वरी, देवीचं शक्तिपीठ.

गुह्येश्वरीहून नदी ओलांडून बौद्धनाथपर्यंत अर्ध्या तासात चालत जाता येतं. वाट वस्तीतून जाते, देखणी नाही, पण टॅक्सीत बसून जाण्यापेक्षा बरी. मध्येच जेवून घ्या. डाळ-भात-तरकारीच्या थाळीत डाळ-भात पुन्हा पुन्हा वाढतात. शाकाहारी असाल तर मोमो मागवताना 'भेज' असं स्पष्ट सांगा, कारण नुसतं मोमो म्हटलं की म्हशीच्या मांसाचे, 'बफ' मोमो येऊ शकतात.

बौद्धनाथचा स्तूप जवळपास ३६ मीटर उंच आहे. स्तूपावर रंगवलेल्या डोळ्यांच्या खाली नाकाच्या जागी प्रश्नचिन्हासारखं जे दिसतं, त्यावर परदेशी पाहुणे बरेच तर्क लढवतात. आपल्याला ते सरळ वाचता येतं: देवनागरीतला '१' आहे तो. त्याच्या वर तेरा पायऱ्यांचा सोनेरी कळस. भूकंपात त्याला तडे गेले, आणि बौद्ध भाविकांच्या देणग्यांतून, तीस किलोहून जास्त सोनं वापरून, नोव्हेंबर २०१६ मध्ये तो दुरुस्त होऊन खुला झाला. सरकारी कामं रेंगाळत असताना हे झालं, याचा इथल्या लोकांना अभिमान आहे.

इथे खरी वेळ संध्याकाळची. पाचनंतर तिबेटी म्हातारे-म्हाताऱ्या, भिक्खू, शाळकरी मुलं, सगळे घड्याळाच्या दिशेने प्रदक्षिणा घालायला लागतात. तुम्हीही त्याच दिशेने चाला. उलट दिशेने फोटोसाठी घुसणारा माणूस दुरूनही ओळखू येतो. दोन-तीन फेऱ्या झाल्या की कुठल्याही गच्चीवरच्या कॉफीच्या दुकानात बसा.

पशुपतीची संध्याकाळची बागमती आरती बघायची असेल तर तीच संध्याकाळ खर्चू नका. आरती पोहोचल्या दिवशी उरका. विमानतळ मंदिराच्या अगदी जवळ आहे.

तिसरा दिवस: पहाटे स्वयंभू, मग पाटण

स्वयंभूला पूर्वेकडून ३६५ पायऱ्या आहेत, शेवटच्या चांगल्याच उभ्या. गुडघे कुरकुरत असतील तर गाडी मागच्या, पश्चिमेच्या बाजूने जवळपास वरपर्यंत जाते. हातात प्रसादाची पिशवी दिसली की माकडं ती सोडत नाहीत. वर स्तूपाला लागूनच हारतीचं देऊळ आहे. लहान मुलांची आणि देवीच्या रोगाची ही देवता, आपल्या शीतलादेवीच्या नात्यातली. स्तूपाच्या आवारात ती आहे, पूजा बौद्ध पुजारी करतात, आणि कडेवर पोर घेऊन आलेल्या रांगेत हिंदू-बौद्ध कोण हे ओळखता येत नाही. खोरं एके काळी तळं होतं आणि मंजुश्री या बोधिसत्त्वाने चोभारचा डोंगर तलवारीने कापून पाणी काढून दिलं, ही कथा इथूनच सुरू होते. तळं होतं हे भूगर्भशास्त्रज्ञही मान्य करतात.

नऊ-साडेनऊला पाटण गाठा. माझं मत विचाराल तर तीन चौकांतला सर्वांत देखणा हाच. कृष्ण मंदिर १६३७ चं, सिद्धिनरसिंह मल्लाने बांधलेलं, पूर्ण दगडी, २१ कळसांचं. देऊळ दिसलं की लोक वर बघत बसतात. तुम्ही पहिल्या मजल्याच्या पट्टीकडे बघा. बोटाएवढ्या आकृत्यांत महाभारत कोरलंय, दुसऱ्या मजल्यावर रामायण. दुर्बीण असेल तर इथे काढा, नाहीतर फोनच्या कॅमेऱ्यातून एकेक प्रसंग लावत जा. मुलांना हा खेळ फार आवडतो.

राजवाड्यातल्या पाटण संग्रहालयात किमान दोन तास द्या. पितळी मूर्ती कशी घडवतात, कुठली मुद्रा कशाची, हे इतकं नीट समजावलंय की बाहेर पडल्यावर आधी पाहिलेली देवळं नव्याने कळतात. एकच संग्रहालय बघायचं असेल तर हेच.

मग हिरण्यवर्ण महाविहार, ज्याला सगळे सोन्याचं देऊळ म्हणतात. दार अरुंद, आत लखलखाट. चामडं इथेही चालत नाही. आतल्या अंगणात जमिनीकडे बघून चाला, कासवं फिरत असतात.

वेळ उरला तर रातो मच्छिंद्रनाथांच्या देवळात जा. हे 'लाल' मच्छिंद्रनाथ पावसाचे देव. गोरखनाथांनी पाऊस पाडणाऱ्या नागांना आसनाखाली अडवून धरलं, बारा वर्षं पाऊस पडला नाही, आणि गुरूंना आणल्यावरच ते आसनावरून उठले, अशी कथा. वैशाखात त्यांचा उंचच उंच वेताचा रथ पाटणच्या रस्त्यांवरून ओढतात. वर्षातले काही महिने देव जवळच्या बुंगमती गावी असतात, तेव्हा गाभारा रिकामा दिसला तर चकित होऊ नका.

चौथा दिवस: भक्तपूर

काठमांडूहून पूर्वेला साधारण १३ किलोमीटर. बागबजारहून बस मिळते. जमलं तर रात्री तिथेच राहा. संध्याकाळी टूरच्या बसेस गेल्या की गाव पुन्हा गावकऱ्यांचं होतं.

न्यातपोल मंदिर पाच छपरांचं, १७०२ चं, भूपतींद्र मल्लाने बांधलेलं. १९३४ आणि २०१५, दोन्ही भूकंपांत टिकलं. पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना खालून वर रखवालदार आहेत: जयमल आणि पत्ता हे पहिलवान, मग हत्ती, सिंह, शार्दूल, आणि सर्वांत वर बाघिनी-सिंहिनी देवता. पहिलवान माणसाच्या दसपट ताकदीचे, हत्ती पहिलवानांच्या दसपट, असं चढत जातं. आतली सिद्धिलक्ष्मी सर्वसामान्यांना दिसत नाही, तेव्हा दार उघडायची वाट बघू नका.

दत्तभक्तांनी सरळ पूर्वेला टाचपाल टोलात (टोल म्हणजे वस्ती) जावं. तिथे दत्तात्रेयांचं देऊळ आहे, पंधराव्या शतकातलं, यक्ष मल्लाच्या काळचं, आणि दाराशी पुन्हा तेच जयमल-पत्ता उभे. वाडी-गाणगापूरच्या सवयीने औदुंबर आणि पादुका शोधू नका. देऊळ लाकडी, तीन छपरांचं, समोर खांबावर गरुड. एकाच झाडाच्या लाकडातून बांधलं अशी दंतकथा सांगतात. बाजूच्या बोळात पुजारी मठाची मोराची खिडकी आहे, नेवारी सुतारकामाचा कळसच म्हणा. खालून मान मोडते. समोरच्या दुकानदाराला विचारलं तर वरच्या मजल्यावरून बघू देतात, थोडी खरेदी केलीत तर आनंदानेच.

जुजु धौ, म्हणजे राजा दही, इथेच खायचं. म्हशीच्या दुधाचं, मातीच्या भांड्यात लावलेलं, गोडसर आणि इतकं घट्ट की भांडं तिरकं केलं तरी हलत नाही. जेवायला 'बारा' घ्या: उडदाच्या डाळीचं जाड धिरडं, वर अंडं किंवा खिमा नको असेल तर आधीच सांगा.

दुपारनंतर टॅक्सी करून चांगुनारायणला जा. टेकडीवरचं छोटं गाव, विष्णूचं फार जुनं स्थान. अंगणातल्या स्तंभावर राजा मानदेवाचा इसवी सन ४६४ चा संस्कृत लेख आहे, नेपाळमधल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक. नवरा गेल्यावर सती जायला निघालेल्या आईला, राज्यवतीला, मुलाने कसं थांबवलं, हे त्यात लिहिलंय. विश्वरूप आणि विक्रांत विष्णूच्या शिल्पांपुढे वेळ जातो. गाडी परतीसाठी थांबवूनच ठेवा, वर दुसरी मिळणं कठीण.

चारच दिवस असतील तर काय गाळायचं? नव्याने बांधलेला धरहरा मनोरा आणि चंद्रागिरीची केबल कार खुशाल सोडा. बुढानीलकंठ मात्र जमलं तर बघा, पाण्यात शेषावर पहुडलेला पाच मीटर लांबीचा पाषाणी विष्णू. सकाळच्या पूजेला गेलात तर तासाभरात होतं. दक्षिणकालीला मंगळवारी आणि शनिवारी बळी दिले जातात. पाहवणार नसेल तर ते दोन वार टाळा.

खरेदी

रुद्राक्ष घ्यायचा तर पाचमुखी घ्या, स्वस्त आणि बहुधा खरा. पशुपतीच्या दाराशी 'एकमुखी' म्हणून जे पुढे येतं त्याच्या वाट्याला जाऊ नका. थांका, म्हणजे कापडावरची बौद्ध धार्मिक चित्रं, घाईत घेऊ नका. छापील आणि हाताने रंगवलेलं यांतला फरक भक्तपूरमध्ये चित्रकाराच्या शेजारी दहा मिनिटं बसलं की कळतो. जुनी दिसणारी मूर्ती घेतलीत तर ती पुरातन नसल्याचा पुरातत्त्व विभागाचा दाखला लागतो. दुकानदार करून देतो म्हणाला तरी दाखला हातात आल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि उरलेले नेपाळी रुपये निघायच्या आदल्या दिवशी ठमेलमध्येच बदलून घ्या, मुंबई-पुण्यात ते बदलून देणारा शोधत फिरावं लागेल.